शेवटच्या पंगतीचे ताट

आमच्या घरी जेवणाचा एक क्रम आहे. तो कोणी ठरवला हे कोणालाच सांगता येणार नाही. आधी आजोबा आणि वडील, मग आम्ही भावंडे, आणि सगळ्यांचे आटोपले की आजी, आई आणि वहिनी. पाहुणे आले तर हा क्रम आणखी लांबतो. भाजीचे पातेले तोवर रिकामे झाले असेल तर त्या चटणी-भाकरीवर भागवतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मलाही त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते.

गेल्या वर्षी वहिनीला दिवस गेले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघाले. गर्भवतीला ते निदान अकरा तरी हवे. डॉक्टरांनी वडिलांना विचारले, "घरात खाण्यापिण्याची काही अडचण आहे का?" वडील म्हणाले, "देवाच्या दयेने काही कमी नाही." ते खोटे बोलले नाहीत. आमच्या घरात दुभते जनावर आहे, परसात मेथी-माठाचे वाफे आहेत. मग वहिनीच्या अंगातच रक्त कमी कसे? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. उत्तर शोधता शोधता एका इंग्रज बाईची ओळख झाली, आणि तिने मला पुन्हा आमच्याच स्वयंपाकघरात आणून सोडले.

ल्यूसी विल्स हे तिचे नाव. जन्म १८८८, मृत्यू १९६४. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेली ही विदुषी पुढे डॉक्टर झाली आणि १९२८ मध्ये मुंबईस आली. परळच्या हाफकिन संस्थेत त्या वेळी बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी चालू होती. गिरणगावात आणि गरीब वस्त्यांत अनेक गर्भवतींना एक विलक्षण रक्तक्षय होत असे. रक्तातील तांबड्या पेशी आकाराने फुगत, संख्येने घटत आणि कित्येकींचा त्यात अंत होई.

विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेऊन पाहिला. तसा जंतू सापडला नाही. मग त्यांनी निरनिराळ्या समाजांतील बायका रोज काय खातात याची चौकशी मांडली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हा रोग अधिक, हे दिसून आले. पुढे प्राण्यांवर प्रयोग झाले आणि अखेर या स्त्रियांना मार्माइट देण्यात आले. बिअर गाळून झाल्यावर उरणाऱ्या यीस्टचा हा अर्क इंग्लंडमध्ये लोक पावाला लावून खातात. अशी साधी, स्वस्त वस्तू! तिने आजारी बायका झपाट्याने सुधारू लागल्या. १९३१ मध्ये विल्सबाईंनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. यीस्टमधील त्या अज्ञात गुणकारी द्रव्याला पुढे 'विल्स घटक' असे नाव पडले. १९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि लॅटिनमधील 'फोलियम' म्हणजे पान या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हटले. विल्सबाई ज्याच्या शोधात होत्या ते हेच. आज प्रत्येक गर्भवतीला लोहाबरोबर ज्याची गोळी देतात तेही हेच. म्हणजे जगभरच्या आयांना मिळणाऱ्या या गोळीचे एक मूळ परळमध्ये आहे!

असे असताना आपली स्थिती काय आहे? लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७० मध्ये सुरू झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. पन्नास वर्षे गोळ्या वाटून निम्म्याहून अधिक स्त्रिया तिथेच!

गोळी घेऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. गोळी घेतलीच पाहिजे. वहिनीच्या गोळ्या मात्र फडताळात पडून राहिल्या होत्या. त्यांनी मळमळते, आणि "गोळ्यांनी पोर काळं होतं" असे आजीचे मत. माझा मुद्दा इतकाच की, विल्सबाईंनी बोट दाखवले ते ताटाकडे. आपण त्यातली गोळी तेवढी उचलली आणि ताट होते तसेच ठेवले.

ताटाचे महत्त्व पुढे आपल्याच माणसांनी सिद्ध केले आहे. १९९३ मध्ये पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास हाती घेतला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन. आई एकूण किती उष्मांक खाते यावर बाळाची वाढ फारशी अवलंबून दिसली नाही. पालेभाजी, फळे आणि दूध ज्यांच्या खाण्यात वरचेवर होते, त्यांची बाळे मोठी भरली. ज्यांना शेतात नि घरात फार राबावे लागले, त्यांची लहान. आणखी एक गोष्ट निघाली. सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते पालेभाजीत नसते. दूध, अंडी, मांस-मासळीत असते. आईमध्ये फॉलिक भरपूर पण बी-१२ अपुरे असेल, तर मूल सहा वर्षांचे होईतो त्याच्यात मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. एका गोळीने सारे ताट भरून निघत नाही, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

आता आमचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणतील, "अरे, मूळ दारिद्र्यात आहे. ज्यांच्या घरी दूधच नाही त्यांना तू कोणता क्रम शिकवणार?" हे मला मान्य आहे. मजुरी वाढल्याशिवाय ते ताट भरणार नाही. परंतु धान्य घरी पोचले की ते आईच्या तोंडी पोचलेच, असे समजणे भाबडेपणाचे आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली, तीत गर्भवतीला अंगणवाडीत शिजवलेले पूर्ण जेवण देण्याची सोय आहे. यातील मर्म असे की, ती तिथे बसून जेवते. घरी नेलेला शिधा सगळ्यांचा होतो. पुढ्यात वाढलेले ताट तिचे असते.

आणि आमच्यासारख्या घरांत दारिद्र्याचे कारण तरी कसे पुढे करावे? दूध होते, भाजी होती. ती वहिनीच्या आधी मी संपवत होतो! समाजशास्त्राच्या तासाला कुटुंबसंस्थेवर टिपणे काढणाऱ्या माझ्या हे कधी ध्यानात आले नाही, याची मला शरम वाटते. रक्ताची तपासणी विज्ञान शाखेवाले करतील. पण कोण आधी जेवते, कोण मागून, आणि का, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विचारायचा नाही तर कोणी?

वहिनीची गोष्ट अर्धी राहिली. एके रात्री मी तिचे ताट आमच्या ओळीत मांडले. आजोबा काही बोलले नाहीत. वहिनी संकोचाने उठू लागली, तेव्हा वडीलच म्हणाले, "बस गं पोरी." त्या दिवसापासून ती आमच्याबरोबर जेवू लागली, दूधही तिच्या वाट्याला आले, फडताळातल्या गोळ्याही संपल्या. बाळ अडीच किलोचे झाले. दोघे सुखरूप आहेत.

आई मात्र अजूनही शेवटीच बसते. "माझं काय आता," म्हणते. या वाक्याला मला अद्याप उत्तर सापडलेले नाही. मित्रहो, तुमच्यापैकी कोणाला सापडले असेल, तर मला जरूर कळवा.