अनादि आणि अ‍ॅनिमिया

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत ग्रीक उपसर्गांची यादी असते: ‘अ’ किंवा ‘अन्’ म्हणजे अभाव, ‘डिस’ म्हणजे वाईट अथवा कष्टाचें, ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. परीक्षेच्या आदल्या रात्रीं विद्यार्थी ती घोकतात व परीक्षेनंतर विसरतात. यांपैकीं पहिले दोन उपसर्ग घोकण्याचें कारणच नाहीं, असें आमचें मत आहे. ते मराठी मुलाच्या तोंडीं आधींच आहेत.

नकारदर्शक ‘अ’ संस्कृतांत व्यंजनापूर्वीं तसाच राहतो, म्हणून अमर, अशक्य. पुढें स्वर आला कीं त्याचा ‘अन्’ होतो, म्हणून अनादि, अनंत. ग्रीकांतही नियम हाच. ‘टोमॉस’ म्हणजे कापलेला, यावरून ‘अ‍ॅटम’, म्हणजे अच्छेद्य. ‘आर्खॉस’ म्हणजे शास्ता. येथें आरंभीं स्वर, म्हणून ‘अ‍ॅनार्की’, म्हणजे अराजक. डॉक्टर रक्तक्षयास ‘अ‍ॅनिमिया’ म्हणतात, त्यांतला ‘अन्’ही तोच. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धां ‘अनोळखी’ असेंच म्हणते. ‘अओळखी’ म्हणत नाहीं! ‘डिस’ हा आपला ‘दुस्’: दुष्काळ, दुर्बळ. ‘डिस्पेप्सिया’ म्हणजे अन्न न पचणें. त्यांतील ‘पेप्’ व आपला ‘पच्’ हे धातुही एकाच मुळाचे. आणि ग्रीक देवांचें ‘अ‍ॅम्ब्रोशिया’ म्हणजे, पाहूं गेल्यास, आपलें अमृतच.

हें साम्य योगायोगाचें नव्हे. मराठींत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स यांनीं १५८३ सालींच गोव्याहून भावास पाठविलेल्या पत्रांत, येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचें लिहिलें होतें. सर विल्यम जोन्स यांचें कलकत्त्याचें प्रसिद्ध व्याख्यान १७८६ सालचें, म्हणजे त्यानंतर दोनशें वर्षांनीं.

इंग्रजी चांगलें यावें म्हणून मराठी व संस्कृत कमी करा, असें कांहीं पालक आग्रहानें सांगतात. त्यांची काळजी खरी आहे, पण उपाय उलटा आहे. नञ्समास शिकविला जातो त्याच आठवड्यांत इंग्रजीच्या शिक्षकांनीं हे शब्द फळ्यावर लिहावे. एका तासांत दोन्ही विषयांचें काम होईल, आणि पुढें विज्ञानाच्या पुस्तकांत नवा शब्द भेटला तर मूल त्यास भिणार नाहीं.

मात्र आरंभींचा प्रत्येक ‘अन्’ नकाराचा नव्हे. ‘अनुभव’ शब्दांत जसा ‘अनु’ आहे, तसा ‘अ‍ॅनॅटमी’ शब्दांत ‘अना’ हा वेगळाच उपसर्ग आहे. तेथें नकार मानणारा विद्यार्थी शरीर कापून पाहण्याच्या शास्त्राला न कापण्याचें शास्त्र म्हणून बसेल.