पहारा कुठे हवा?

एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या समता कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जन्माने स्त्री, असा निकाल दिला. पारलिंगींची ओळख मानली की बायकांचे हक्क बुडतात, असं म्हणणाऱ्यांना त्यामुळे आपल्याकडेही जोर चढला. हे म्हणणं बीड जिल्ह्यात तपासून पाहू.

माजलगाव तालुक्यातले ललित साळवे ‘ललिता’ या नावाने पोलीस शिपाई झाले. 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली, ती नाकारली गेली. उच्च न्यायालयाने, हा नोकरीचा प्रश्न आहे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे (मॅट) जा, असं सांगितलं. अखेर सरकारने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. यात कुठल्या बाईचं काय गेलं? झालीच तर महिला शिपायाची एक जागा मोकळी झाली!

यावर उत्तर येतं की साळवेंच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं. नुसत्या सांगण्यावरून ओळख देणं वेगळं. फरक आहे, मान्य. पण शस्त्रक्रियेची सक्ती नको, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगींच्या हक्कांवरच्या 2014 च्या नालसा निकालातच सांगितलं. मग उद्या कुणीही पुरुष साडी नेसून राखीव जागेवर उभा राहील, ही भीती? जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत पारलिंगी अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला होता. जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने, पुढे पुरुष म्हणून लाभ घेणार नाही, हे बजावून तो मान्य केला. त्या निवडूनही आल्या. महिला राखीव जागा खाणारा माणूस पाहायचाय? कुठल्याही ग्रामपंचायतीत सरपंचपतीला भेटा.

विरोधकांची एक गोष्ट मात्र मला पटते. स्त्री म्हणून जन्मण्याची मोजदाद थांबता कामा नये. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यात 894. गर्भातल्या मुलीला तिची ओळख कुणी विचारली नाही, सोनोग्राफीने लिंग पाहिलं. बेकायदा गर्भपात करणाऱ्या परळीच्या डॉ. सुदाम मुंडेला, त्यात एका महिलेचा जीव गेल्याच्या खटल्यात शिक्षा व्हायला 2019 उजाडलं. पण पारलिंगींसाठी वेगळा रकाना केल्याने हा आकडा पुसला जात नाही.

त्याच 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत, जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली की बाई उचल घेऊन ऑपरेशनला तयार होते. स्वतःच्या देहासाठी ज्याने स्वतःहून शस्त्रक्रिया मागितली त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. या बायकांच्या पोटावर सुरी चालताना कुणी कागदही मागितला नाही.

स्त्रीहक्कांचा पहारा देणाऱ्या संघटनांनी दिवाळीनंतर, टोळ्या कारखान्यांकडे निघताना, माजलगाव, धारूर, वडवणीला यावं. तिथे कामाला माणसं कमी पडतात.