‘रँग्लर’ : एका क्रमांकाचा भ्रम

१/ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे महाराष्ट्राच्या स्मरणात आजही ‘रँग्लर परांजपे’ म्हणूनच आहेत. १८९९ साली केंब्रिजच्या गणित पदवी परीक्षेत, म्हणजे ‘ट्रायपॉस’मध्ये, ते जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने पहिले आले. पारतंत्र्यातील देशाच्या तरुणाचा हा पराक्रम निःसंशय मोठा. परंतु त्या क्रमांकालाच गणिताचे माप मानणे हा भ्रम आहे.

२/ ट्रायपॉसमध्ये पहिला वर्ग मिळवणारा तो रँग्लर, आणि त्यांतील अग्रणी तो ‘सीनियर रँग्लर’. कित्येक दिवस चालणाऱ्या या परीक्षेत ठरावीक वेळात अधिकाधिक उदाहरणे सोडवणाऱ्याची सरशी होई. साहजिकच प्राध्यापकांच्या व्याख्यानांपेक्षा खासगी शिकवणी मोलाची ठरली. एडवर्ड राउथ या एकट्या शिक्षकाने पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. शिकवणीचे कारखाने ही काही आजची उपज नव्हे.

३/ आता निकाल तपासावेत. १८४५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, दुसरे आले. १८५४ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरे. पहिले आले ते हेच राउथ! १८९३ साली बर्ट्रांड रसेल सातवे. स्टोक्स आणि रॅले पहिले आले होते, हेही खरे. म्हणजे परीक्षेला बुद्धी ओळखता येत होती. प्रतिभेची उतरंड मात्र लावता येत नव्हती.

४/ १८९० साली फिलिपा फॉसेट यांनी सर्व पुरुषांना मागे टाकले. यादीत त्यांची नोंद झाली ती ‘सीनियर रँग्लरच्या वर’ अशी. किताब मात्र पुरुषालाच मिळाला आणि पदवी तर नाहीच. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. ज्या व्यवस्थेला आपल्याच गुणांचा निवाडा मान्य नव्हता, तिच्या क्रमांकाला प्रमाण कसे मानावे?

५/ या पद्धतीवर सर्वांत कठोर प्रहार केला तो तिच्यातूनच वर आलेल्याने. जी. एच. हार्डी १८९८ साली चौथे आले. गणित खऱ्या अर्थाने त्यांना उमगले ते शिकवणीत नव्हे, तर ऑगस्टस लव्ह यांच्या सल्ल्याने वाचलेल्या जॉर्डन यांच्या विश्लेषणावरील ग्रंथातून. अखेर केंब्रिजनेच गुणानुक्रम मोडीत काढला. १९०९ची क्रमवार यादी शेवटची ठरली.

६/ ‘रामानुजन यांना कुठे पदवी होती?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. तोही अर्धवट माहितीवर उभा आहे. इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ते भारतात महाविद्यालयीन परीक्षांत नापास झाले, हे खरे. परंतु १९१६ साली त्याच केंब्रिजने त्यांना बी.ए. पदवी दिली, आणि ती ट्रायपॉसला न बसता, संशोधनाच्या बळावर. म्हणजे दोष पदवीत नव्हता. ती मोजण्याच्या पट्टीत होता.

७/ परांजपे यांचे मोठेपणही त्या यादीपुरते नाही. केंब्रिजहून ते पुण्यास परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९०२पासून प्राचार्यपदाची धुराही त्यांनी दोन दशके वाहिली. यादीतील जागा काही दिवसांत ठरली होती. वर्गातील काम वर्षानुवर्षे चालले. केंब्रिजने टाकून दिलेला क्रमांक महाराष्ट्राने मिरवत ठेवला आणि ते अध्यापन मात्र विस्मरणात जाऊ दिले. गणिताच्या पदवीकडे आज जो केवळ टक्क्यांच्या नजरेने पाहतो, तो हीच चूक पुन्हा करत असतो.