वृक्षपरिचय : शिसव

सुंदरकांडांत हनुमंतास सीतादेवीचें दर्शन घडलें तें शिंशपेच्या पानांआडून. ही शिंशपा म्हणजे उत्तरेकडील शिसू, असें सामान्यतः मानतात. आपल्या घरांतील देव्हारा, पाट नि झोपाळा ज्याच्या लाकडाचे, तो शिसव तिचाच भाऊबंद. दोन्ही वृक्ष दालबर्जिया या शेंगाधारी प्रजातीतील होत.

शिसवाच्या पानाच्या देठास ५ ते ७ वाटोळ्या पर्णिका एकाआड एक असतात. फुलें बारीक व पांढरीं. शेंग चपटी, तींत १ ते ४ बिया. गाभ्याचें लाकूड जांभळट काळें, जड आणि वाळवीस सहसा दाद न देणारें असतें. हाच गुण त्यास भोंवला! मागणी वाढली, तोड झाली, वाढ मात्र मंद. म्हणून २०१७ पासून या सबंध प्रजातीचा परदेशव्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखालीं आला. परंतु करार तोड रोखील. रोप लावणार नाहीं. तें काम गृहस्थांचें.

बीडजवळ पालवणच्या माळावर देवराई उभी राहिली. २०२० सालीं तेथें वृक्षसंमेलन भरलें, आणि अध्यक्षस्थान वटवृक्षास दिलें गेलें. आपल्या जिल्ह्यांत पाऊस बेताचा. यास्तव शिसव खडकाळ माळावर न लावतां ओढ्याकांठच्या खोल मातींत लावावा. मुळांतून फुटवे येतात, तेही राखावे. आणि आजोबांचा शिसवी पलंग जुना झाला म्हणून मोडींत घालूं नये. तसें लाकूड पुन्हां तयार होण्यास दोन-तीन पिढ्या लागतात. येत्या आषाढांत नातवंडांच्या हातून एक तरी रोप लावावें.