धावते वर्णन आणि अडलेली जीभ

'खेळात राजकारण आणू नये' हे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते तपासून पाहण्याचे कष्ट आता कोणी घेत नाही. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे ते हमखास उच्चारतात. गंमत अशी, की हे पाहुणे बहुधा स्वतःच राजकारणी असतात. कमानीवर त्यांचे छायाचित्र असते, चषकावर त्यांचे नाव असते, आणि अंतिम सामना त्यांची गाडी येईपर्यंत खोळंबलेला असतो. मग खेळात राजकारण आणू नये म्हणजे नेमके कोणी आणू नये? थोडा विचार केला तर असे दिसते, की हा उपदेश एकाच माणसासाठी राखून ठेवलेला आहे. तो माणूस म्हणजे माईकपुढे बसलेला समालोचक.

मी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, राहणार काशीगाव. समोर राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, बाजूने धडधडणारा महामार्ग आणि आता गावाच्या नावाचे मेट्रो स्थानकही. या परिसरात पावसाळा सरला की टेनिस चेंडूचे क्रिकेट आणि दिव्यांच्या प्रकाशातली कबड्डी यांचा हंगाम सुरू होतो. तीन हंगाम मी या सामन्यांचे मराठीतून समालोचन केले. हे काम वाटते तितके सोपे नाही. चढाईपटूने मध्यरेषा ओलांडली की वाक्य सुरू करायचे आणि तो परत येईपर्यंत, म्हणजे तीस सेकंदांच्या आत, ते संपवायचे. तेवढ्यात कोण बाद झाला, कोणाची पकड निसटली, लोण चढायला किती गडी उरले, हे सारे प्रेक्षकांपर्यंत पोचवायचे. जिभेला लागणारे हे वळण कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

तिसऱ्या हंगामात मला सांगण्यात आले, की प्रत्येक चढाईनंतर आश्रयदात्या भाऊंचे नाव घ्या. आरंभी, मध्यंतरात आणि शेवटी घेईन, असे मी म्हटले. ते कसेबसे चालले. पण एका सामन्यात मॅटचा सांधा उसवला होता आणि त्यात पाय अडकून एका मुलाचा घोटा मुरगळला. 'सांधा नीट होईपर्यंत खेळ थांबवावा' एवढेच मी माईकवरून म्हणालो. लगेच चिठ्ठी आली : 'फक्त खेळावर बोला.' मला विचारावेसे वाटते, ज्यावर उभे राहून खेळायचे ते मॅट खेळात मोडत नाही काय? पुढच्या हंगामात मला बोलावणे आले नाही. त्या मानधनाच्या पाकिटातून माझी परीक्षा फी निघत असे, म्हणून ते न येणे मला चांगलेच जाणवले.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. गल्लीत चिठ्ठी येते, मोठ्या मैदानावर करारपत्र येते, फरक एवढाच. हर्षा भोगले यांचेच पाहा. हैदराबादच्या मराठी घरातला हा माणूस रसायन अभियांत्रिकी शिकला, अहमदाबादच्या आय.आय.एम.मधून बाहेर पडला आणि क्रिकेटच्या समालोचनात स्थिरावला. २०१६च्या आय.पी.एल.च्या तोंडावर क्रिकेट मंडळाने त्यांचा करार अचानक संपवला. कारण आपल्याला कोणी सांगितलेले नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले. पुढे ते परत आले ही आनंदाची गोष्ट. पण न सांगितलेल्या कारणाची भीती सांगितलेल्या कारणापेक्षा अधिक काळ मनात राहते. संजय मांजरेकर हे ३७ कसोटी सामने खेळलेले फलंदाज. तिखट बोलण्याबद्दल प्रसिद्ध. २०२०च्या मार्च महिन्यात मंडळाच्या समालोचकांतून त्यांनाही वगळले गेले आणि त्याच वर्षी, आपण मंडळाचे नियम पाळून काम करू, असे त्यांना लेखी कळवावे लागले. ऑस्ट्रेलियाचे इयन चॅपेल यांनी तर २०१३च्या भारत दौऱ्याचे समालोचनच नाकारले. कारण निवड, प्रशासन आणि पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी या विषयांवर बोलायचे नाही, अशी अट होती. चॅपेल नाही म्हणू शकले. आपल्यापैकी किती जणांना ते परवडेल?

येथे कोणी म्हणेल, पैसे मंडळाचे, तेव्हा माईकही मंडळाचा. परंतु सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यातच, आकाशातील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. ज्या लहरींवरून आवाज येतो त्या आपल्या सर्वांच्या असतील, तर त्या आवाजाने आपल्यापासून काय लपवायचे, हे एकट्या पैसेवाल्याने का ठरवावे?

पूर्वी सारे आलबेल होते, असेही मला म्हणायचे नाही. आकाशवाणी सरकारची होती आणि सरकारलाही आपले दोष ऐकायला आवडत नाहीत. तथापि त्या काळातल्या दोन माणसांकडून आपण शिकावे असे मला वाटते. पहिले पुण्याचे बाळ ज. पंडित. स्वतः रणजी खेळलेल्या या माणसाने क्रिकेट मराठीत बोलते केले. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही चेंडू कोठे पडला आणि कोठे गेला हे कळले पाहिजे, ही त्यामागची खटपट. २०१५ साली ते गेले. दुसरे वि. वि. करमरकर. १९६२ साली सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये त्यांनी खेळाला रोजचे हक्काचे स्थान मिळवून दिले. खो-खो, कबड्डी, कुस्ती यांना क्रिकेटच्या पंक्तीला बसवले. ते समालोचनही करत आणि लेखणीही चालवत. मैदानावर काय झाले हे लिहितानाच संघटनांच्या कचेरीत काय चालले आहे, यावरही त्यांचे लक्ष असे. २०२३ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांना मराठी क्रीडा पत्रकारितेचे जनक म्हटले गेले ते उगाच नव्हे. खेळाविषयी बोलणे आणि खेळ चालवणाऱ्यांविषयी बोलणे हे एकच काम आहे, असे ते मानत असावेत, असे त्यांच्या कामावरून मला तरी वाटते.

आता मैदानी खेळांकडे वळू. कारण जीभ अडल्याचा सर्वांत मोठा तोटा त्यांनाच होतो. क्रिकेटबद्दल एक समालोचक गप्प बसला तर दहा जण बोलायला असतात. धावपटूबद्दल मुळात बोलणाराच नसतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनच्या थंडीत राहिला आणि २०१५नंतर धावण्याच्या स्पर्धांत उतरला. स्टीपलचेस ही त्याची शर्यत. तीन हजार मीटर अंतर, अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. हा अडथळा हर्डल्ससारखा धक्का लागून पडत नाही. पडतो तो धावणारा. २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने ही शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पुरी केली आणि रौप्यपदक घेतले. सुवर्णपदक हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. १९९४नंतर या स्पर्धेतल्या या शर्यतीचे पदक केनियाबाहेर प्रथमच गेले. पुढच्या वर्षी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले आणि २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबरने २०१६मध्ये रिओला याच प्रकाराची अंतिम फेरी गाठली होती. १९८४च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिंपिकची वैयक्तिक अंतिम शर्यत धावणारी ती पहिली भारतीय स्त्री.

ही दोन्ही मुले मराठी घरांतली, दुष्काळी गावांतली. पण त्यांच्या शर्यतींचे मराठी धावते वर्णन माझ्या कानावर तरी पडलेले नाही. बर्मिंगहॅमला त्या आठ मिनिटांत केवढे नाट्य होते! कोणत्या फेरीत गती वाढली, केनियाचे तिघे कसे एकत्र धावत होते, पाण्याच्या उडीनंतर कोणाचे पाऊल जड पडले, हे सांगणारा असता तर मांडव्याच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ते दिसले असते. आपल्याला पदकाची बातमी मिळते, शर्यत मिळत नाही. आणि शर्यत न मिळाल्यामुळे पुढचे प्रश्नही मनात येत नाहीत : आष्टीत धावायला पट्टी आहे का? माणमध्ये प्रशिक्षक आहे का? हे प्रश्न राजकारणाचे आहेत, हे मी नाकारत नाही. खेळाचा पैसा कोठे जावा हे जिथे ठरते, तिथे राजकारण असणारच. ते समालोचकाने आणलेले नसते. तो फक्त बोट दाखवू शकतो.

बोट दाखवताना मात्र दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. सुरेश कलमाडी यांचे उदाहरण घ्या. पुण्याचे खासदार, देशाच्या आणि आशियाच्या ॲथलेटिक्स संघटनांचे प्रमुख, १९९६पासून २०११पर्यंत भारतीय ऑलिंपिक संघाचे अध्यक्ष. १९८३ साली सुरू झालेली पुण्याची मॅरेथॉन, १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल, २००८च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धा, यांत त्यांचा पुढाकार होता हे सांगितलेच पाहिजे. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील गैरव्यवहारांच्या आरोपांवरून २०११मध्ये त्यांना अटक झाली, हेही सांगितलेच पाहिजे. आणि त्यांपैकी मनी लाँडरिंगचे प्रकरण बंद करण्याचा तपास यंत्रणेचा अहवाल २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केला, हेही. तिन्ही गोष्टी सांगणारा समालोचक निःपक्षपाती. पहिलीच सांगतो तो भाट, दुसरीच सांगतो तो विरोधी पक्षाचा वक्ता. मला यांपैकी कोणीच व्हायचे नाही.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो मी टाळणार नाही. आश्रयदाता नसेल तर मॅट कोठून येणार, दिवे कोठून लागणार? आमच्या भागातली पोरे चार रात्री खेळतात ती कोणीतरी खर्च करतो म्हणूनच. मान्य. खर्च करणाऱ्याचे नाव आदराने घ्यावे, आभार मानावेत. पण आभार ही एक गोष्ट आणि मौन ही दुसरी. ज्याने मॅट दिले त्याला, ते उसवले आहे, हे कळायला नको काय?

१९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथे एका कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना पुन्हा आखाड्यात उतरावे लागले आणि त्यांची बाजू मांडायला आपला कोणी अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. पैसा उभा करणारे प्राचार्य होते, लढणारा मल्ल होता. वेळेवर बोलणारा माणूस तेवढा नव्हता.

आपल्या वर्गातले अनेक जण 'मीडियात जायचे' असे म्हणतात. मीही म्हणतो. घरी विचारतात, त्यात पोट भरते का? प्रश्न रास्त आहे. भोगल्यांच्या पायरीला पोचणारे हातावर मोजण्याइतकेच. बाकीच्यांना एका सामन्याचे पाकीट आणि पुढच्या बोलावण्याची वाट. म्हणूनच माझे मत असे बनले आहे, की ज्याला माईकवर खरे बोलायचे आहे त्याने माईकखेरीज उपजीविकेचे दुसरे साधन हाताशी ठेवावे. शिकवावे, भाषांतर करावे, वर्तमानपत्रात लिहावे. जीभ गहाण पडते ती बहुधा पोटापायीच. मोठी नावे असली आणि एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली तर काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसले. मार्च २०२३मध्ये सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर टीका केल्याबद्दल बी.बी.सी.ने गॅरी लिनेकर यांना कार्यक्रमातून बाजूला ठेवले, तेव्हा सहकारी समालोचकांनीही काम नाकारले. फुटबॉलचा तो प्रसिद्ध कार्यक्रम त्या शनिवारी समालोचनाविना, वीस मिनिटांत उरकावा लागला. थोड्याच दिवसांत लिनेकर परतले. एकट्याला घरी बसवणे सोपे असते, सगळ्यांना नाही.

शेवटी एक सूचना, आपल्या जिमखान्याला आणि प्राध्यापकांना. येत्या वार्षिक क्रीडा स्पर्धांत शंभर मीटरपासून पाच हजार मीटरपर्यंत प्रत्येक शर्यतीचे धावते वर्णन विद्यार्थ्यांनी मराठीत करावे. हातात स्टॉपवॉच असावे, प्रत्येक फेरीची वेळ सांगावी, शेवटच्या धावपटूचेही नाव घ्यावे. देणगीदारांची नावे आरंभी आणि शेवटी, मान राखून, वाचावीत. शर्यत सुरू असताना नाही. आणि पट्टीवर खड्डा असेल, तर खड्डा आहे असे माईकवरून सांगण्याची मुभा असावी. वर्णन करणाऱ्यांच्या यादीत माझे नाव पहिले घालावे. मानधन नको.