लाल शाईचा मज्जाव

मुलांच्या निबंधांत ‘छान’, ‘खूप’, ‘मजा’ हेच शब्द पुन्हापुन्हा येतात, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. आक्षेप आहे तो उपायाला. ‘छान’च्या जागी ‘नयनरम्य’, ‘पाऊस’च्या जागी ‘पर्जन्य’ अशा याद्या घोकून घेतल्या जातात. एक गुळगुळीत नाणे जाऊन दुसरे आले, इतकेच! आणि शेतमजुराच्या मुलीने ‘झड लागली’ असे लिहिले, की ग्राम्य म्हणून त्यावर लाल रेघ ओढली जाते. वास्तविक वळीव वेगळा, रिपरिप वेगळी आणि दिवसचे दिवस न उघडणारी, मजुरी बुडवणारी झड वेगळी. हा भेद ‘पर्जन्या’ला ठाऊक नाही, त्या मुलीला तो पोटाने शिकवला आहे. दाते-कर्वे मंडळींच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२-३८) प्रांतिक शब्दांना जागा दिली, शाळेच्या वहीत मात्र त्यांना अजूनही मज्जाव! कोणाच्या श्रमाची बोली मराठी मानायची, हा यातला खरा वाद आहे. आपल्यातील शिक्षक कार्यकर्त्यांनी ‘छान’ शब्दापाशी थांबून मुलाला विचारावे : नेमके काय पाहिलेस? हाताला कसे लागले? घरी आई त्याला काय म्हणते? येईल तो शब्द वहीत तसाच राहू द्यावा, आणि गुणही त्यालाच द्यावेत.