नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. वडिलांची मार्केट यार्डात गुळाची अडत. त्यांच्यासाठी तिनं जावामध्ये पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढायचा प्रोग्रॅम लिहिला होता. रवे बरोबर, वजन बरोबर, हमाली-तोलाई वजा जाऊन रक्कमही बरोबर. पण शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग. घरच्या लिनक्सवर नावं नीट उमटायची, पेढीवरच्या विंडोजवर जायची. "सर, फॉन्ट टाकून बघू का?"

फॉन्टचा दोष नव्हता. फाइलमध्ये अक्षरं नसतातच, बाइट असतात. 'कोल्हापूर' लिहायला युनिकोडमध्ये 9 कॅरेक्टर लागतात: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र. यूटीएफ-8 या संकेतात (एन्कोडिंगमध्ये) प्रत्येकाचे 3 बाइट, म्हणजे डिस्कवर 27. जावात सुरुवातीला इनपुटस्ट्रीम आणि आउटपुटस्ट्रीम हे बाइटचेच प्रवाह होते. 1997 च्या 1.1 आवृत्तीत रीडर आणि रायटर आले, अक्षर आणि बाइट यांच्यातले दुभाषे. दुभाष्याला कोणता संकेत वापरायचा ते सांगावं लागतं. तिनं साधा फाइलरायटर उघडला होता आणि संकेत सांगितलाच नव्हता. पेढीवर जावा 8. तिथं अशा वेळी मशीनचा ठरलेला संकेत धरला जातो. त्या इंग्रजी विंडोजचा संकेत विंडोज-1252, आणि त्यात देवनागरीचं एक अक्षरही नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. वाचताना संकेत चुकला तर 'क'चे तीन बाइट तीन परकी चिन्हं होऊन पडद्यावर येतात. दिसायला भयंकर, पण डिस्कवरचे बाइट शाबूत असतात. योग्य संकेत देऊन पुन्हा वाचलं की 'क' परत येतो. लिहिताना मात्र रायटरला जे अक्षर मांडता येत नाही, त्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो आणि पुढं जातो. एरर नाही, इशारा नाही. ते नाव त्या फाइलमधून कायमचं गेलं.

दुरुस्ती एका ओळीची. फाइलआउटपुटस्ट्रीमभोवती आउटपुटस्ट्रीमरायटर गुंडाळायचा, गुंडाळतानाच यूटीएफ-8 सांगायचं, वर बफर्डरायटर चढवायचा. वाचायलाही हीच उतरंड, रीडरची. आणि हे सगळं ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये, म्हणजे फाइल हमखास बंद होते. नाहीतर बफरमध्ये अडकलेल्या शेवटच्या ओळी फाइलपर्यंत पोचतच नाहीत. मार्च 2022 मध्ये आलेल्या जावा 18 पासून यूटीएफ-8 हाच मूळ संकेत झाला, हे चांगलंच झालं. पण जुनं जावा अजून कितीतरी पेढ्यांवर, कार्यालयांत चालू आहे. संकेत हातानं लिहायची सवय सोडू नका.

ही चूक वर्गात का सापडत नाही? कारण आम्ही शिक्षक प्रात्यक्षिकात इंग्रजी नावं देतो. इंग्रजी अक्षरांचे बाइट दोन्ही संकेतांत सारखेच, त्यामुळे चुकीचा प्रोग्रॅमही पास होतो. पोराला वाटतं, जमलं. मग तोच प्रोग्रॅम गावात जातो आणि माणसांची नावं खातो. माझा आग्रह आहे की फाइलचं पहिलं प्रात्यक्षिक 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा', 'शाहूपुरी' अशा शब्दांवरच घ्यावं.

पुढची पायरीही आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीची दप्तरं आहेत, आणि मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. तिचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-8 मध्ये 4 बाइटांचं, आणि जावाच्या एका 'चार'मध्ये (char, म्हणजे एका कॅरेक्टरसाठीचा जावाचा डबा) न मावणारं. रीडरकडून एकेक 'चार' मागितला तर हाती अर्धंच अक्षर येतं. त्या कागदांवर कुणाला काम करायचं असेल, तर त्याला हे आधी कळायला हवं.

त्या मुलीचा प्रोग्रॅम अर्ध्या तासात नीट झाला. गेलेली नावं मात्र प्रोग्रॅमला परत आणता येणार नव्हती. ती वडिलांच्या वहीत होती; दोन संध्याकाळी बसून तिनं ती एकेक करून पुन्हा टाइप केली.